शाळेतला पोषण आहार सुधारायचाय? पालकांसाठी कायद्याची वाट, पायरीपायरीने

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घातलं की पहिल्या महिन्यातच एक गोष्ट लक्षात येते. दुपारच्या जेवणाबद्दल गावात प्रत्येकाला मत असतं, माहिती मात्र फारशी कुणाकडे नसते. 'डाळीत डाळ नव्हती' इथपासून 'वरून येतं ते वाटेतच जिरतं' इथपर्यंत सगळं पारावर बोललं जातं. कागदावर कुणी काही देत नाही. मी पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर काम केलं, तेव्हा हे कागद कुठे द्यायचे, कोणत्या कलमाखाली द्यायचे आणि कुणाला देऊन काहीच होत नाही, हे हळूहळू कळत गेलं. ते इथे क्रमाने मांडते आहे. तुम्ही समितीवर नसलात तरी यातलं बहुतेक सगळं तुम्हाला करता येतं.

एवढं आधीच सांगते की यातलं काम वेगवेगळ्या पातळ्यांवर चालतं. काही गोष्टी आठवड्यात बदलतात, काहींना वर्ष जातं आणि काही अधिवेशनाशिवाय हलत नाहीत. कोणती गोष्ट कुठल्या पातळीवरची, हे आधी ओळखलं तर निम्मी दमछाक वाचते.

## १. आपली शाळा कायद्यात बसते का, ते पाहा

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३, कलम ५. आठवीपर्यंतच्या किंवा ६ ते १४ वयोगटातल्या मुलांना सुट्टीचे दिवस सोडून रोज एक वेळचं मोफत जेवण मिळालं पाहिजे, असं हे कलम सांगतं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, शासकीय आणि अनुदानित अशा सगळ्या शाळा यात येतात. विनाअनुदानित खाजगी शाळा येत नाहीत. त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि ते फार उपयोगी पडतं: प्रत्येक शाळेत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय असली पाहिजे. शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकगृहाची मुभा आहे. किचन शेड गळत असेल, नळाला पाणी नसेल, तर ती 'अडचण' राहत नाही. कायद्याने सांगितलेली सोय शाळेत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अर्जात तसंच लिहा.

जुने लोक म्हणतील, ही सरकारची योजना आहे, दिली तर दिली. तसं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने योजना सुरू केली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना शिजवलेलं अन्न मिळतच नव्हतं, घरी न्यायला धान्य मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेलं जेवणच द्या, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचं, वर्षातले किमान २०० दिवस. २०१३ चा कायदा त्यानंतरचा. त्यामुळे मुख्याध्यापकांपुढे किंवा साहेबांपुढे उभं राहताना 'मेहेरबानी करा' हा सूर नको. आवाज चढवण्याचीही गरज पडत नाही.

## २. ताटाची मापं पाठ करा

हे कागद वाचायला कंटाळा येतो, पण ही मापं पाठ नसतील तर पुढचं सगळं बोलणं हवेत जातं. दर मुलामागे रोज:

- पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, हा निकष.
- सहावी ते आठवी: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. निकष ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

आता आपल्या शाळेचा हिशेब करा. पहिली ते पाचवीची ८० मुलं जेवली, तर त्या दिवशी ८ किलो तांदूळ, १ किलो ६०० ग्रॅम डाळ, ४ किलो भाजी आणि ४०० ग्रॅम तेल पडलं पाहिजे. 'डाळीत डाळ नव्हती' म्हणण्यापेक्षा 'एक किलो सहाशे ग्रॅमच्या जागी अर्धा किलो पडली' असं म्हटलं की समोरचा माणूस सावरून बसतो.

पैशांचंही माहीत असू द्या. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यांसाठी मिळून १ मे २०२५ पासूनचा केंद्राचा दर दर मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे (प्राथमिक) आणि १० रुपये १७ पैसे (उच्च प्राथमिक) असा आहे. धान्य यात धरलेलं नाही, ते केंद्राकडून वेगळं येतं. म्हणजे आपल्या ८० मुलांसाठी दिवसाचे ५४२ रुपये ४० पैसे. आणि तेही सगळे शाळेच्या हातात पडत नाहीत, कारण ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला हा 'धान्यादी माल' ठेकेदार पुरवतो. शाळेला मिळतात ते इंधन आणि भाजीपाल्याचे. बाजाराच्या दिवशी चार किलो भाजीचा भाव विचारून बघा, मग मुख्याध्यापकांवर रागवायचं की नाही ते ठरवा.

## ३. प्रश्न कुणाच्या दारातला, ते ठरवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बहुतेक पालक सगळी तक्रार एकाच माणसाकडे करतात आणि तो माणूस म्हणजे चुलीपुढे बसलेली स्वयंपाकी ताई. तिला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं, तेही वर्षाचे दहाच महिने आणि बरेचदा उशिरा. तांदळात खडे आले, अंडं बंद झालं, गॅस संपला, यातलं काहीच तिच्या हातात नसतं.

शाळेच्या हातात काय आहे? चव, कच्चं-पक्कं शिजणं, भांड्यांची स्वच्छता, भाजी खरंच पडते का, जेवणाची वेळ, हात धुण्याची सोय, आणि नोंदवह्या. हे प्रश्न समितीच्या बैठकीत सुटतात. त्यासाठी तालुक्याला जाणं म्हणजे स्वतःच्याच शिक्षकांशी वैर घेणं.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या हातात असतं ते तांदूळ आणि धान्यादी माल वेळेत व पूर्ण वजनाने येणं, मालाचा दर्जा, इंधन-भाजीपाल्याचं अनुदान आणि मानधन वेळेवर जमा होणं. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या कार्यालयात पोषण आहाराचे अधीक्षक असतात, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). महापालिकेच्या शाळेत मुलं असतील आणि जेवण मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून डब्यांतून येत असेल, तर मुख्याध्यापकांकडे शिजवण्याचा प्रश्नच नसतो. तिथे पालिकेचा शिक्षण विभाग आणि त्या संस्थेशी झालेला करारनामा बघावा लागतो. डबा किती वाजता निघाला आणि किती वाजता वाढला, ही नोंद शहरात सगळ्यात कामाची.

राज्याच्या हातात पाककृतींची यादी, अंडं, फळ, साखर यांचा खर्च, मानधनाची वाढ, पुरवठ्याच्या निविदा. हे शालेय शिक्षण व क्रीडा विभागाच्या शासन निर्णयाने ठरतं. साहेब कितीही भले असले तरी शासन निर्णयात नसलेलं अंडं देऊ शकत नाहीत.

केंद्राच्या हातात वर दिलेली मापं, दर मुलामागचा खर्च (महाराष्ट्रासाठी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के) आणि कायद्याची अनुसूची (कायद्याला जोडलेला निकषांचा तक्ता).

तुमच्या तक्रारींची यादी घ्या आणि प्रत्येकीपुढे यातलं एक दार लिहा. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने आहेत.

## ४. पंधरा दिवस नुसती नोंद ठेवा

भांडायला जाण्याआधी एक साधी वही घाला. रकाने: तारीख, हजर मुलं, जेवलेली मुलं, आजची पाककृती, डाळ किती, भाजी कोणती आणि किती, वाढायची वेळ, शेरा. दोन-तीन पालकांनी वार वाटून घेतले तर कुणाची मजुरी बुडत नाही. मुख्याध्यापकांना आधी सांगून जा. चोरून जाण्यात काही मिळत नाही, उलट पहिल्याच दिवशी 'हे आलेच बघा पंचनामा करायला' असं वातावरण होतं.

शाळेतल्या या वह्या बघायला मागा:

- साठा नोंदवही: माल किती आला, किती वापरला, किती शिल्लक
- रोजची लाभार्थी नोंद, जी ऑनलाइनही भरली जाते
- चव नोंदवही: मुलांना वाढण्याआधी कुणी चाखलं, शेरा काय
- इंधन-भाजीपाला अनुदानाचा जमाखर्च

चव नोंदवहीकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण बहुतेक ठिकाणी एकाच दिवशी आठवड्याभराच्या सह्या केलेल्या असतात. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. आधी मोठ्या माणसाने चाखायचं हा नियम कागद भरायला केलेला नाही. चाखण्याची पाळी पालकांनीही घ्यावी. जेवण सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. रोज एक आई किंवा बाप चमचाभर खिचडी खाणार आहे हे कळलं की फोडणीत फरक पडतो.

पोती उतरताना समितीचा एक सदस्य हजर हवा. वजन केल्याशिवाय पावतीवर सही नाही. पोत्यावर पन्नास किलो लिहिलेलं असतं ते छापलेलं असतं, मोजलेलं नसतं.

एक सापळा इथेच सांगते. तांदळात पिवळसर, वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे सापडतात आणि गावभर 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी हूल उठते. ते पोषणयुक्त, म्हणजे फोर्टिफाइड दाणे असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून बनवतात आणि शंभर दाण्यांत साधारण एक या प्रमाणात कालवतात. 'प्लास्टिक' शब्द असलेला अर्ज दिलात की तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारीही हसण्यावारी जातात. अळ्या, जाळी, कुबट वास, बुरशी असेल तर ते नेमकं लिहा आणि मूठभर नमुना पिशवीत तारखेसह बांधून ठेवा.

## ५. समितीत ठराव घ्या

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पोषण आहारावर देखरेख ठेवणं हे तिचं काम आहे, असं २०१५ चे मध्यान्ह भोजन नियमही सांगतात. अनुदानित शाळांत मात्र समितीची भूमिका सल्ल्यापुरती आहे. तिथे ठरावाबरोबर संस्थाचालकांना वेगळं पत्र द्या.

ठराव छोटा ठेवा. एका ठरावात एकच विषय. नमुना:

> 'दि. … ते दि. … या कालावधीतील नोंदीनुसार भाजीचे प्रमाण निश्चित मापापेक्षा कमी आढळले. उद्यापासून दररोज वापरलेल्या डाळ व भाजीचे वजन स्वयंपाकगृहाबाहेरील फळ्यावर लिहावे व दोन पालकांनी पाळीने चव घेऊन नोंदवहीत सही करावी, असे सर्वानुमते ठरले.'

फळ्यावर वजन लिहिण्याचं कलम चुकवू नका. मुलं वाचतात आणि घरी येऊन सांगतात.

ठरावाची प्रत इतिवृत्तात लागली का, ते पुढच्या बैठकीत बघा. सचिव मुख्याध्यापकच असतात. त्यामुळे 'लिहायचं राहून गेलं' असं होऊ शकतं.

## ६. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार

शाळेने वह्या दाखवल्या तर हा टप्पा गाळा. दाखवल्या नाहीत तर अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना माफ), ३० दिवसांत उत्तर, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा लागतो, त्यामुळे गाऱ्हाणं लिहीत बसू नका.

> '… शाळेच्या दि. … ते दि. … या कालावधीतील पोषण आहार योजनेबाबत (१) तांदूळ व धान्यादी मालाची साठा नोंदवही, (२) इंधन व भाजीपाला अनुदानाचा जमाखर्च, (३) चव नोंदवही, (४) अन्न नमुने तपासले असल्यास प्रयोगशाळेचे अहवाल, यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.'

चौथा मुद्दा मुद्दाम घातला आहे. २०१५ च्या नियमांप्रमाणे निवडक शाळांमधून किंवा मध्यवर्ती स्वयंपाकगृहांतून महिन्याला किमान एकदा नमुने घेतले गेले पाहिजेत. 'अहवाल उपलब्ध नाही' हे उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, वर जाताना तेच उपयोगी पडतं.

'भाजी का घातली नाही?' असा प्रश्न माहिती अधिकारात चालत नाही. 'का' ला उत्तर देण्याचं बंधन नाही. कागद मागा, 'का' त्या कागदांतूनच कळेल. आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर घाबरू नका, तो योग्य ठिकाणी पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे.

## ७. तक्रार: कुठे आणि कोणत्या शब्दांत

क्रम असा: गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, मग राज्य अन्न आयोग. शेवटची दोन पदं अन्न सुरक्षा कायद्यातली आहेत (कलम १५ आणि १६), आणि बहुतेक पालकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं. आपल्या जिल्ह्यात हा अधिकारी कोण, ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारा. त्याचा निर्णय पटला नाही तर आयोगाकडे अपील करता येतं. त्याने सांगितलेली दाद सबळ कारणाशिवाय दिली नाही, तर जबाबदार लोकसेवकाला आयोग पाच हजारांपर्यंत दंड करू शकतो. रक्कम मोठी नाही, पण दंडाची नोंद कुणालाच आवडत नाही.

जेवण शिजलंच नाही तर काय? धान्य नाही, पैसे नाहीत, इंधन नाही, ताई आली नाही, कारण यातलं कोणतंही असो, त्या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता मुलांना मिळाला पाहिजे. त्या दिवसांचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी निश्चित करणं राज्यावर बंधनकारक आहे. शिवाय माल किंवा पैसे तात्पुरते अडकले तर शाळेतला दुसरा निधी वापरून जेवण चालू ठेवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. बऱ्याच गुरुजींना हे ठाऊक नसतं किंवा लेखापरीक्षणाच्या भीतीने ते हात लावत नाहीत. २०१५ च्या नियमांची प्रत त्यांच्या हातात द्या, समितीचा ठराव जोडा, त्यांना धीर येतो.

सापळा असा की भत्ता जेवण न मिळाल्याबद्दल आहे. जेवण निकृष्ट होतं म्हणून भत्ता मागता येत नाही. निकृष्ट अन्नाची तक्रार वेगळी लिहा, त्यात नमुना तपासणीची मागणी करा. दोन्ही एका अर्जात कालवले की कार्यालय सोपं उत्तर शोधतं आणि दोन्ही निकाली काढतं.

अर्जासोबत जोडायचे कागद:

- नोंदवहीच्या पंधरा दिवसांच्या पानांची छायाप्रत
- समितीच्या ठरावाची प्रत
- माहिती अधिकारात मिळालेले कागद
- फोटो, पण त्यात मुलांचे चेहरे नकोत. पोतं, पातेलं, वजनकाटा, फळा पुरेसे आहेत
- आधीच्या अर्जांच्या पोच असलेल्या प्रती
- पालकांच्या सह्यांचं पान, मुलाच्या इयत्तेसह

पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

## ८. ग्रामसभा आणि गावातला पैसा

किचन शेडची दुरुस्ती, नळ, गॅसजोडणी, वजनकाटा, ताटं. यासाठी मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. आराखड्याची ग्रामसभा कधी आहे ते ग्रामसेवकांना विचारा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेच्या स्वयंपाकघराचं काम लेखी घालून घ्या. तोंडी 'करू की' म्हणजे पुढच्या वर्षी.

परसबाग हा शाळांत सध्या चलतीत असलेला शब्द आहे. शेवगा, कढीपत्ता, पालक, दुधी लावा, जरूर लावा. शेवग्याची दोन झाडं ताटात खरंच फरक पाडतात. फक्त परसबाग दाखवून कुणी भाजीचं अनुदान कमी दिल्याचं झाकू नये, एवढं बघा. तिथी भोजनाचंही तसंच. वाढदिवसाला, वडिलांच्या स्मरणार्थ कुणी फळं, मटकीची उसळ, लाडू दिले तर चांगलंच, पण ते रोजच्या ताटावर भर म्हणून. रोजच्या ताटाऐवजी नको.

## ९. वर जाताना: शासन निर्णय, आमदार, अधिवेशन

इथून पुढचं काम वेगळ्या जातीचं आहे. एका शाळेची तक्रार इथे चालत नाही, तालुक्याची मागणी लागते.

अंड्याचं उदाहरण घ्या, म्हणजे यंत्रणा कशी हलते ते कळेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शासन निर्णय काढून आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा शासन निर्णय आला आणि अंड्यांचा व साखरेचा राज्याचा निधी थांबला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. कायदा तोच, केंद्राची मापं तीच. एका कागदाने अंडं ताटात आलं आणि एका कागदाने गेलं. लोकसहभाग म्हणजे ज्या गावात देणारे आहेत तिथे अंडं आणि जिथे सगळेच मजूर तिथे नाही. माझ्या मते हा उलटा न्याय आहे. तमिळनाडूत के. कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेतलं जेवण राज्यभर नेलं, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते वाढवलं, आणि आज तिथे अंडं हा निवडणुकीत कुणी हात लावू धजत नाही असा विषय आहे. आपल्याकडे तो अजून वित्त विभागाच्या फाइलीत अडकणारा विषय आहे.

तर मागणी कशी न्यायची?

शासन निर्णय वाचा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेप्रमाणे ते मिळतात. आपली मागणी 'दि. … च्या शासन निर्णयातील परिच्छेद … बदलावा' अशी लिहा. 'मुलांना सकस आहार मिळावा' या वाक्याला कुणीच नाही म्हणत नाही आणि त्यावर कुणी काही करतही नाही.

दहा-पंधरा शाळांचे ठराव गोळा करा. आपल्या केंद्रशाळेला जोडलेल्या शाळांपासून सुरुवात करा. मजकूर एकच, सह्या वेगळ्या. आशाताई, अंगणवाडी ताई आणि बचत गटांना माणसं माहीत असतात, त्यांची मदत घ्या.

आमदारांकडे वेळेत जा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरतं, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नाची (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात तर फोटो निघतो, प्रश्न निघत नाही. पैशांची मागणी असेल तर हिवाळ्यातच जा, मार्चमध्ये अर्थसंकल्प छापून झालेला असतो. आपल्या आमदारांना रस नसेल तर विधान परिषदेतले शिक्षक मतदारसंघाचे आमदार गाठा. शाळेचे विषय त्यांच्या मतदारांचे असतात.

आमदारांच्या स्वीय सहायकाला पाच पानी निवेदन नको असतं. अर्ध्या पानावर द्या: प्रश्नाचा कच्चा मसुदा, तीन आकडे, एक मागणी. उदाहरणार्थ, 'लोकसहभागातून अंडं देण्याचा निर्णय झाल्यापासून जिल्ह्यातील किती शाळांत अंडं दिलं जात आहे, व किती शाळांत बंद आहे?' असा प्रश्न आला की विभागाला आकडे गोळा करावेच लागतात. ते आकडे आपल्याला एरवी कुणीही देणार नाही. लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही आणखी हत्यारं आहेत, त्यातलं कोणतं वापरायचं ते आमदारांना ठरवू द्या. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून घ्या. दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

केंद्राचं वेगळं. कॅलरी-प्रथिनांचे निकष अन्न सुरक्षा कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहेत आणि कलम ३७ प्रमाणे ती अनुसूची केंद्र सरकार अधिसूचनेने बदलू शकतं. त्यासाठी संसदेत नवं विधेयक लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती बदललीही आणि सूक्ष्म पोषक घटकांचा, आहारातल्या विविधतेचा विचार त्यात आला. खासदारांकडे जाताना म्हणून 'कायदा बदला' एवढंच म्हणू नका. अनुसूचीत आलेली विविधता पावणेसात रुपयांत कशी बसवायची, हा प्रश्न विचारा. खरा अडसर तिथेच आहे.

## १०. मधे पाय अडकतील अशा जागा

अंडं विरुद्ध शाकाहार हा वाद शाळेच्या अंगणात आणू नका. खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला फळ, एवढी एकच ओळ धरून राहा. त्यापलीकडची चर्चा सुरू झाली की डाळीचं वजन विसरलं जातं.

स्वयंपाकी ताई कोणत्या जातीची म्हणून मुलांना जेवू न देणारे पालक अजूनही भेटतात आणि ते कधीकधी 'स्वच्छते'चा मुखवटा घालून येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं सांगितलं आहे. तुमच्या सह्यांच्या पानावर असल्या तक्रारीला जागा देऊ नका.

व्हिडिओ काढून व्हॉट्सॅपवर टाकला की दोन दिवस धुरळा उडतो, तिसऱ्या दिवशी ताईला काढतात आणि माल पुरवणारा तोच राहतो. मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करून बोलायला लावणं तर अजिबात नको. शाळेत ती रोज जाणार असतात.

निवडणूक जवळ आली की कुणीतरी तुमचा विषय उचलेल. उचलू द्या. पण फाइल, सह्या आणि नोंदवही स्वतःकडे ठेवा.

विनाअनुदानित शाळेतल्या पालकांसाठी: तुमच्याकडे दुपारच्या जेवणाचा हक्क नाही, पण अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत उपाहारगृहाची यादी मागा, तिथून सुरुवात होते.

समितीची मुदत दोन वर्षांची असते. तुमची मुदत संपायच्या आधी नव्या सदस्यांपैकी दोघांना सोबत घेऊन एकदा पंचायत समितीत जा, पोषण आहाराचं टेबल कुठलं ते दाखवा. पोच घेतलेल्या अर्जांची एक प्रत शाळेच्या कपाटात, एक नव्या अध्यक्षांकडे, आणि माहिती अधिकाराच्या अपिलांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.